दात येण्याआधी पुस्तक

बारशाच्या आहेरात हल्ली चांदीची वाटी, वाळे आणि झबली-टोपड्यांच्या जोडीला जाड पुठ्ठ्याच्या पानांचं एखादं पुस्तक येतं. मग घरातलं कुणीतरी थोरलं माणूस विचारतंच, "अगं, अजून मान धरत नाही तो, आणि पुस्तक कसलं?" प्रश्न चेष्टेतला असला तरी रास्त आहे. अक्षर सोडाच, चित्र म्हणजे काय हेही ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासमोर पुस्तक धरून नेमकं काय साधतं? गेल्या चाळीसेक वर्षांत बालरोगतज्ज्ञ, भाषेचे अभ्यासक, मानसशास्त्रज्ञ आणि ग्रंथपाल यांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिलं आहे. त्यांचं एकमत आहे ते थोड्याच बाबींवर.

हा वाद समजून घ्यायचा तर सुरुवातीलाच दोन प्रश्न सुटे केलेले बरे. तान्ह्यांना वाचून दाखवल्याने त्यांची भाषा वाढते का, हा एक. त्यातून पुढे वाचनाची गोडी लागते का, हा दुसरा. पालकांसाठीच्या पुस्तिकांत हे दोन्ही एका दमात सांगितले जातात. पुरावे मात्र बहुतेक पहिल्याचे असतात आणि मथळा दुसऱ्याचा.

साडेसहा वर्षांवरून जन्मदिवसावर

एकेकाळी तज्ज्ञांचं मत थेट उलटं होतं. 1931 मध्ये मॅबेल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांनी अमेरिकेतल्या विनेटका इथल्या शाळांमधल्या पाहणीवरून असं मांडलं की मुलाचं मानसिक वय साडेसहा होईपर्यंत वाचन शिकवण्याची घाई करू नये. पुढे कित्येक वर्षं शाळांनी हा आकडा प्रमाण मानला. मूल आधी 'तयार' व्हायला हवं आणि तयारी वयाने येते, अशी ती धारणा होती.

तिला पहिला मोठा छेद न्यूझीलंडमधून गेला. मेरी क्ले यांनी 1966 च्या आपल्या प्रबंधात शाळेत नुकत्याच आलेल्या पाच वर्षांच्या मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. पुस्तक कुठून उघडायचं, ओळ कुठून कुठे जाते, बोललेलं आणि छापलेलं यांचा काय संबंध, यातलं बरंच मुलं घरून घेऊन आली होती. वाचन अमुक दिवशी सुरू होत नाही, ते हळूहळू उगवत येतं, हा विचार तिथून रुजला.

त्याच देशातल्या डोरोथी बटलर या पुस्तकविक्रेतीने हा विचार पाळण्यापर्यंत नेला. त्यांची नात कुश्ला गुणसूत्रांतल्या दोषासह जन्मली. तिला नीट दिसत नव्हतं, हात वापरता येत नव्हते, झोप तर जवळजवळ नव्हतीच. रात्रीचे लांबच लांब तास काढायला आईवडिलांनी ती चार महिन्यांची असल्यापासून पुस्तकं वाचून दाखवायला सुरुवात केली. मुलगी मतिमंद राहील अशी भीती डॉक्टरांना होती, पण चौथ्या वर्षात तिची भाषा वयाच्या पुढे गेलेली होती. बटलर यांनी 1979 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि 1980 मध्ये 'बेबीज नीड बुक्स' आलं. एका मुलीच्या गोष्टीवरून नियम काढता येत नाही. तरीही या चळवळीला चेहरा मिळाला तो कुश्लाचा.

पुढचं पाऊल दवाखान्यांनी उचललं. 1989 मध्ये बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बॅरी झुकरमन, रॉबर्ट नीडलमन आणि सहकाऱ्यांनी 'रीच आउट अँड रीड' सुरू केलं. मूल तपासणीला आलं की डॉक्टर त्याच्या हातात पुस्तक देतात, ते त्याचं काय करतं हे पाहतात आणि आईशी दोन शब्द बोलतात. 1992 मध्ये बर्मिंगहॅमला 'बुकस्टार्ट' आलं. तीनशे कुटुंबांना बाळाच्या आरोग्य तपासणीच्या वेळी पुस्तकांची पिशवी देण्यापासून त्याची सुरुवात झाली. 2000 मध्ये जपानने तोकियोच्या सुगिनामी भागात ते करून पाहिलं आणि पुढच्या वर्षापासून तिथल्या नगरपालिकांनी उचललं. 2014 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, डॉक्टरांनी पालकांना जन्मापासून वाचून दाखवण्याचा सल्ला द्यावा, असं धोरणच जाहीर केलं. साडेसहा वर्षांवरून जन्मदिवसापर्यंत येण्याच्या या प्रवासात प्रत्येक पायरीवर पुरावा आधी आणि उत्साह मागून आला, असं मात्र म्हणता येत नाही.

दहा महिन्यांचं मूल पुस्तकाचं काय करतं

आधी ते चावतं. मग आपटतं. एकदम चार पानं उलटतं, पुस्तक उलटं धरतं, मधेच सोडून रांगत निघून जातं. पालक इथेच नाउमेद होतात: "याला काही आवड नाही बुवा." पण या वयात पुस्तक हाताळणं हेच वाचन असतं, याबद्दल अभ्यासकांत वाद नाही.

ज्यूडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या मुलांसमोर वस्तूंचे हुबेहूब रंगीत फोटो असलेलं पुस्तक ठेवलं, तर मुलं फोटोतली वस्तू उचलायला बघत, पानावर नखं घासत, चिमटीत धरू पाहत. दीडेक वर्षाची झाल्यावर तीच धडपड थांबते आणि मुलं बोट दाखवू लागतात. आयव्हरी कोस्टमधल्या बेंग समाजातल्या, चित्रांची फारशी सवय नसलेल्या बाळांनीही तसंच केलं. चित्र ही वस्तू नसून वस्तूबद्दलचं काहीतरी आहे, हे शिकावं लागतं. ते शिकण्याची एक जागा म्हणजे पुस्तक.

आवाजाचं त्याहून लवकर सुरू होतं. अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी 1986 मध्ये दाखवलं की गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने रोज मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळ नव्या उताऱ्यापेक्षा पसंत करतं. बाळाची पसंती त्यांनी चोखण्याच्या लयीवरून ओळखली. गर्भसंस्काराची जाहिरात करणाऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो. पण त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की बाळाला ओळखीची लय लक्षात राहते. बुद्धी वाढल्याचं त्यात कुठेही नाही.

शब्दांचा हिशोब

वाचून दाखवण्याच्या बाजूने सर्वात जास्त सांगितला जाणारा मुद्दा शब्दांचा आहे. 1995 मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी कॅन्ससमधल्या 42 कुटुंबांत दर महिन्याला तासभर बसून केलेल्या नोंदींचं पुस्तक आलं. त्यांच्या अंदाजाने गरीब घरातलं मूल सुशिक्षित घरातल्या मुलापेक्षा चार वर्षांचं होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकतं. आकडा गाजला, धोरणांत शिरला. त्यावर आक्षेपही तितकेच जोरदार आले: सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यात सहाच होती आणि तीन कोटींचा आकडा मोजलेला नसून हिशोबाने काढलेला होता. 2018 मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी मुलाच्या कानावर पडणारं घरातल्या सगळ्यांचं बोलणं धरून पाहिलं, तेव्हा अशी सरळ दरी दिसली नाही. त्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की कानावर पडलेलं आणि मुलाकडे बघून बोललेलं यांची किंमत सारखी नसते. माणसांनी भरलेल्या आपल्या घरांच्या दृष्टीने हा वाद बिनकामाचा नाही.

पुस्तक आणि बोलणं यांतला फरक अधिक स्पष्ट दिसतो. जेसिका माँटाग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये शंभर चित्रपुस्तकांतले शब्द मुलांशी होणाऱ्या रोजच्या बोलण्याशी ताडून पाहिले. वेगवेगळे शब्द पुस्तकांत जास्त निघाले. आपल्याकडेही ते ताडून पाहायला हरकत नाही. जेवण, अंघोळ, शी-शू, झोप यांवरच्या बोलण्यात 'गुहा', 'शेपटी', 'नांगर', 'कुजबुजणं' हे शब्द किती वेळा येतात?

यावर आणखी एक पैलू ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 मध्ये पुढे आणला. वाचून दाखवण्यापेक्षा पुस्तकावर गप्पा मारणं महत्त्वाचं, असं ते म्हणाले. त्यांनी दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या आयांना महिनाभर अशा गप्पांची सवय लावली आणि ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांत काही महिन्यांच्या फरकाने पुढे गेली. मराठी घरात ही पद्धत अशी दिसेल:

"हे कोण?"

"माऊ."

"माऊ काय करतेय?"

"दू..."

"दूध पितेय! कशातून पितेय? आपल्या वाटीतून?"

"नाई! मा वाती!"

इथे आई ओळ वाचतच नाही. मूल जे बोलतं त्याला एखादा शब्द जोडून ती ते परत करते आणि वाटी कुणाची यावर भांडण लागलं की गोष्ट बाजूला राहते. या पद्धतीचे गरीब वस्त्यांतले प्रयोगही उत्साह वाढवणारे आहेत. केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीत सव्वा वर्षाच्या आसपासची बाळं आणि त्यांना सांभाळणारे यांच्या 91 जोड्यांवर झालेल्या चाचणीत, सांभाळणाऱ्यांना काही आठवडे पुस्तक-गप्पांचं शिक्षण दिल्यावर बाळांची भाषा आणि अवधान दोन्ही वाढलं. ब्राझीलच्या बोआ व्हिस्ता शहरात पाळणाघरांतून 566 कुटुंबांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मुलांच्या शब्दसंपत्तीत फरक दिसला.

आता दुसरं पारडं. 2019 मध्ये क्लेअर नोबल आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. एकूण परिणाम छोटा निघाला. त्यातही ज्या प्रयोगांत दुसऱ्या गटालाही काहीतरी वेगळा उपक्रम दिला होता, तिथे तो जवळपास शून्यावर आला. याचा एक अर्थ असा, की फायदा पुस्तकाचा नसून मोठ्या माणसाने मुलाला दिलेल्या वेळाचा आहे. दुसरा असा, की काही आठवड्यांच्या प्रयोगातून वर्षानुवर्षांच्या सवयीचा परिणाम मोजता येत नाही. दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि आहे त्या पुराव्यावरून त्यातला एक निवडता येत नाही. मला स्वतःला पहिला अर्थ फारसा निराश करत नाही. बाळाजवळ वीस मिनिटं बसायला घरच्यांना निमित्त लागतं आणि पुस्तक हे बरं निमित्त आहे.

गोडीचं काय?

शब्द मोजता येतात, गोडी मोजायची कशी हा खरा पेच आहे. कॅनडातल्या मोनिक सेनेशाल यांचं काम इथे उपयोगी पडतं. घरात मुलांना गोष्टी वाचून दाखवणं आणि घरात अक्षरं शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परिणामही वेगळे आहेत, असं त्यांना आढळलं. अक्षरं शिकवल्याने अक्षरओळख वाढते. गोष्टी वाचून दाखवण्याचा संबंध शब्दसंपत्तीशी आणि चौथीत गेल्यावर मूल आपणहून किती वाचतं याच्याशी दिसला. 'गोडी'च्या जवळ जाणाऱ्या पुराव्यांत हा महत्त्वाचा आहे, पण तोही बालवाडीच्या वयापासूनचा, तान्हेपणापासूनचा नाही.

उलट बाजूचा पुरावा नेदरलँड्समधून आला. एल्शे व्हान बेर्गेन आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या अकरा हजारांहून अधिक जुळ्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मते जास्त वाचल्यामुळे मूल चांगलं वाचू लागतं याहून, चांगलं वाचता येतं म्हणून ते जास्त वाचतं, हे अधिक खरं आहे. आणि वाचन जमण्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या घरातलं मूल वाचतं, तेव्हा ते पुस्तकांमुळे की पुस्तकं जमवणाऱ्या आईबापांकडून मिळालेल्या वारशामुळे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. या शंकेचं पुरतं निरसन अजून कुणी केलेलं नाही.

घाई करणाऱ्यांबद्दल मात्र चित्र बरंच स्पष्ट आहे. बाळाला वाचायलाच शिकवतो असं सांगून डीव्हीडी आणि शब्दपट्ट्या विकणारा एक उद्योग अमेरिकेत जोरात चालला होता. सूझन न्यूमन यांच्या गटाने 2014 मध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या 117 बाळांवर सात महिने असा एक संच वापरून पाहिला. चौदा कसोट्यांपैकी तेरांवर काहीच फरक पडला नाही. बाळं काही वाचू लागली नाहीत, पण आपलं बाळ वाचतंय अशी पालकांची खात्री मात्र वाढली होती. न्यूझीलंडच्या सबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकलेल्या मुलांची तुलना केली, तर अकराव्या वर्षापर्यंत वाचनाच्या कौशल्यात ती बरोबरीला आलेली होती. लवकर पुस्तक देणं आणि लवकर अक्षर शिकवणं यांची गल्लत नको, यावर दोन्ही बाजू सहमत होतील.

मांडीवरच्या गोष्टीची बाजू

तिसरी भूमिका संस्कृतीच्या अभ्यासकांची. शर्ली ब्राइस हीथ यांनी 1983 च्या 'वेज विथ वर्ड्स' या पुस्तकात अमेरिकेच्या कॅरोलायना भागातल्या दोन कामगार वस्त्यांचं वर्णन केलं. रोडव्हिल या गोऱ्या वस्तीत बाळांना पुस्तकं वाचून दाखवत, पण 'हे काय, ते काय' आणि तात्पर्य याच्यापुढे जात नसत. ती मुलं सुरुवातीला शाळेत बरी चालली आणि काही इयत्तांनंतर मागे पडली. ट्रॅक्टन या कृष्णवर्णीय वस्तीत बाळांसाठी पुस्तकं नव्हती, पण गोष्ट रचून, रंगवून सांगण्याची परंपरा जबरदस्त होती. शाळेला ती ओळखताच आली नाही. झोपतानाची गोष्ट ही एका वर्गाची सवय आहे आणि शाळा तीच सगळ्यांकडून गृहीत धरते, असा हीथ यांचा निष्कर्ष.

महाराष्ट्रात ही बाजू समजायला पुस्तकाची गरज नाही. अंगाई, बडबडगीतं, 'अडगुलं मडगुलं', बोटांचे खेळ, चिऊ-काऊची गोष्ट ही तान्ह्यांसाठीचीच भाषा आहे. तिच्यात लय आहे, पुनरावृत्ती आहे, मूल पुढचा शब्द भरेल म्हणून सोडलेली जागा आहे. संशोधक ज्याला चांगलं पुस्तक-वाचन म्हणतात त्यातलं बरंचसं आजीकडे आधीपासून होतं. ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि 1945 मध्ये त्या बोर्डीला बालवाडीच्या कामाला लागल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. तिथेही गाणी, गोष्टी आणि हाताचं काम हाच गाभा होता.

यावर पुस्तकवाल्यांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. आजी आता दुसऱ्या गावी असते, आईला चार गाण्यांपलीकडे आठवत नाही आणि सांगितलेली गोष्ट कितीही सुंदर असली तरी 'छापलेलं बोलतं' हा अनुभव त्यातून मिळत नाही. दोन्ही म्हणणी एकमेकांना खोडत नाहीत. प्रश्न पैशांचा आणि वेळेचा आला की मात्र सरकारला त्यातून एक निवडावं लागतं.

पडद्याबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नको, दोन ते चार वयात दिवसाला तासाहून जास्त नको. 37 पालक-मुलांच्या जोड्यांवरच्या 2019 च्या अमेरिकी अभ्यासात छापील पुस्तकापेक्षा टॅबवरच्या पुस्तकावेळी बोलणं कमी आणि टॅब कुणी धरायचा यावरून ओढाताण जास्त दिसली. व्हिडिओ कॉलवरून आजीने दाखवलेलं पुस्तक यात कुठे बसतं, हे अजून नीट कळलेलं नाही. परदेशातल्या मराठी घरांना तर तेच हवं असतं.

मराठीत हाताशी काय आहे

शून्य ते तीन वयासाठी मुळात मराठीतच लिहिलेली, जाड पानांची पुस्तकं कमी आहेत. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही मालिका (ज्योत्स्ना प्रकाशन) मराठी घरातलीच माणसं, वस्तू आणि बोलणं घेऊन येते म्हणून तिचा उल्लेख वारंवार होतो. प्रथम बुक्सच्या 2015 पासूनच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी पुस्तकं फुकट आहेत, पण ती पडद्यावर. छापून घेतली तर कागद पातळ आणि बाळाच्या तोंडात दोन दिवसांत लगदा. जाड पुठ्ठा आणि गोल कापलेले कोपरे यांनी खर्च वाढतो, मराठी आवृत्ती लहान असते आणि गिऱ्हाईक विचारतं, "पाच ओळी आणि एवढे पैसे?" मग दुकानात इंग्रजी पुस्तकं दिसतात आणि आई मराठीत बोलता बोलता पुस्तक उघडलं की 'ॲपल', 'डॉग' म्हणू लागते.

शहराबाहेर प्रश्न वेगळा आहे. कातकरी, वारली, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरात प्रमाण मराठीचं पुस्तकही परकंच. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळ्याहून काम करणाऱ्या 'क्वेस्ट'सारख्या संस्था मुलांच्या भाषेचा आणि गोष्टीचा मेळ घालायचा प्रयत्न करतात, पण त्यांचा भर तीन वर्षांपुढच्या मुलांवर आहे. सरकारी व्यवस्थेचीही अडचण तीच. 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेतून आलेल्या अंगणवाडीत रोज येतात ती तीन ते सहा वयाची मुलं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरपोच आहाराची पाकिटं मिळतात. बाळ स्वतः अंगणवाडीत बसत नाही. म्हणजे या वयासाठी पुस्तक द्यायचं तर ते घरापर्यंत जायला हवं, आणि जोडीला ते कसं दाखवायचं हेही. 2024 मध्ये केंद्राने आणलेल्या 'नवचेतना' या आराखड्यात जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यागणिक करायच्या 140 कृती दिल्या आहेत, त्यात बोलणं, गाणी आणि चित्रं दाखवणं येतं. आधीच रजिस्टरं, वजनं आणि मोबाइलवरच्या नोंदींत बुडालेल्या अंगणवाडीताईला त्यासाठी वेळ कुठून मिळणार, यावर आराखडा फारसं बोलत नाही.

अजून न सुटलेलं

तान्हेपणी वाचून दाखवल्याने निदान थोडी भाषा वाढते आणि आई-बाळाचा वेळ चांगला जातो, एवढं बऱ्यापैकी पक्कं आहे. किती वाचायचं, कोणत्या महिन्यापासून फरक पडतो, बाबांनी वाचलं तर काय बदलतं, दोन भाषांच्या घरात कोणत्या भाषेचं पुस्तक आधी, यांची उत्तरं अर्धवट आहेत. सांगितलेल्या गोष्टीवर वाढलेलं आणि छापील गोष्टीवर वाढलेलं मूल दहाव्या वर्षी किती वाचतं, याची तुलना कुठल्याही भारतीय भाषेत व्हायला हवी. तिच्याशिवाय 'गोडी'बद्दलचे दावे परदेशी पुराव्यावरच उभे राहतील, आणि तोही बहुतेक इंग्रजीचा.

अशी पाहणी सुरू करायला जागा आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस टोचून घ्यायला आया बाळांना उपकेंद्रावर आणतातच. काही गावांत त्या दिवशी जाड पानांचं पुस्तक द्यावं, काही गावांत गोष्टी-गाण्यांची बैठक घ्यावी, काही गावांत नेहमीचं चालू ठेवावं. उत्तर यायला मात्र ती बाळं चौथीत जाईपर्यंत, म्हणजे नऊ वर्षांच्या आसपास, थांबावं लागेल आणि तेवढा काळ टिकेल असा निधी लागेल.